मॅडम आपल्याला सोडून चालल्या आहेत

आमच्या इंग्रजी विभागात माझ्याइतकं भारदस्त इंग्रजी लिहिणारा माणूस दुसरा नाही! हे मी स्वतः म्हणत नाही. म्हणजे, मीच म्हणतो, पण आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. काव्यवाचन असो, नाट्यस्पर्धा असो, भित्तिपत्रकाचं उद्घाटन असो, नाहीतर ग्रंथालयाची पुस्तकं परत करायची शेवटची तारीख असो, विभागाच्या सूचनेचा मसुदा माझाच. ‘पुस्तकं परत करा’ एवढंसं वाक्य, पण मी ते अकरा ओळींपर्यंत फुलवतो, आणि नवव्या ओळीपर्यंत त्यात पुस्तकाचं नावही येऊ देत नाही. याला म्हणतात शैली!

आता शैली म्हटली की गैरसमज आलेच. गेल्या वर्षी वादविवाद स्पर्धेच्या सूचनेत मी लिहिलं होतं, ‘तरुणांनो, या, आणि आपल्या धमन्यांतलं सळसळतं रक्त या व्यासपीठावर सांडा!’ स्पर्धेच्या दिवशी सहा मुलं शर्टाच्या बाह्या वर करून रांगेत उभी! एकजण तर उपाशीपोटी आला होता. त्याला बिस्किटं देऊन परत पाठवावं लागलं. पण तो दोष वाचणाऱ्यांचा. लिहिणाऱ्याचा नव्हे, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

‘तेव्हा’ हा शब्द जरा लक्षात ठेवा.

तर आमच्या विभागप्रमुख मॅडम यंदा निवृत्त होणार होत्या. चौतीस वर्षं त्यांनी या विभागात शिकवलं. उंची बेताची, पाठ फुटपट्टीसारखी ताठ, आणि आवाज असा की व्हरांड्याच्या एका टोकाला ‘शांतता’ म्हणाल्या, तर दुसऱ्या टोकाला भौतिकशास्त्राची मुलंसुद्धा गप्प बसायची. विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव ठेवलं होतं ‘पूर्णविराम’. त्या वर्गात शिरल्या की सगळ्यांची वाक्यं जागच्या जागी संपायची!

मीही त्यांचाच विद्यार्थी. पहिल्या वर्षी त्यांच्याच पेपरात सपशेल नापास झालेला. माझी उत्तरपत्रिका परत देताना त्या म्हणाल्या होत्या, “अरे, तुझ्या वाक्यात कर्ता कुठाय? क्रियापद कुठाय? एवढ्या गर्दीत हरवलं असेल, तर पोलिसांत तक्रार दे.” सगळा वर्ग हसला. मी कॉलेज सोडायचं ठरवलं. तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला सायकल स्टँडवरच गाठलं. “उद्यापासून पावणेआठला यायचं. मी येणार आहे, तेव्हा तू न येण्याचा प्रश्नच नाही.” वर्षभर त्या माझ्या एकट्यासाठी पावणेआठला आल्या. मी पास झालो, पुढे शिकलो आणि त्यांच्याच विभागात नोकरीला लागलो. कर्ता आणि क्रियापद मला सापडलं. गर्दी मात्र मी पुन्हा वाढवली.

त्या पावणेआठच्या तासांबद्दल त्यांना ‘थँक यू’ म्हणायचं मात्र राहूनच गेलं. रोज भेटणाऱ्या माणसाला असलं काही कधी म्हणायचं? हजेरीपटावर सही करता करता?

निरोप समारंभाचा विषय मी काढला, तेव्हा मॅडम वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “नको.”

“मॅडम, असं कसं? चौतीस वर्षं...”

“गेल्या वर्षी गणिताच्या प्रमुखांचा समारंभ झाला. किती लोक होते?”

“अकरा.”

“त्यातला एक फोटोग्राफर होता आणि दोघं चुकीच्या खोलीत आले होते. त्यांचा स्वभाव तर गोड होता. मी मुलांना फक्त धाक दाखवला. कोण येणार? तू उगाच खुर्च्या मांडशील आणि मी त्या मोजत बसेन.”

त्या हे सहज म्हणाल्या, पण हातातलं पेन त्याच पानावर बराच वेळ थांबलं होतं. मला कसंतरीच झालं. मी मनाशी ठरवलं, सभागृहात पाय ठेवायला जागा राहता कामा नये! आणि मॅडमना आधी काही कळताही कामा नये. प्राचार्य तयार झाले. शनिवारी दुपारी साडेचारला ‘एका कागदावर सही हवी’ असं सांगून ते मॅडमना सभागृहात घेऊन येणार होते. उरलं काम निमंत्रणाचं. ते तर माझ्या डाव्या हाताचा मळ!

जुने हजेरीपट उपसून, याला विचार, त्याला विचार करत मी दोनशे चाळीस माजी विद्यार्थ्यांचे फोन नंबर जमवले. मग मजकूर लिहायला बसलो. मूळ मजकूर इंग्रजीत होता आणि इंग्रजीत तो फारच सुंदर होता. साधारण असा:

‘अत्यंत जड अंतःकरणाने कळवत आहोत, की ज्यांनी आपल्याला शब्द दिले, त्यांच्यासाठी आज आपल्यापाशी शब्द उरलेले नाहीत. चौतीस वर्षं अखंड तेवत असलेली ज्योत आता आपल्या वर्गांतून दिसणार नाही. आपल्या लाडक्या मॅडम आपल्याला सोडून चालल्या आहेत, त्या विश्रांतीकडे, जिथे ना घंटा वाजते ना हजेरी घेतली जाते. त्यांच्या आठवणी जागवण्यासाठी शनिवारी दुपारी चार वाजता विभागाच्या सभागृहात जमावे. मॅडमच्या घरी कृपया कुणीही फोन करू नये.’

फोनचं कारण उघड होतं. आधीच कुणी बोललं असतं, तर गुपित फुटलं असतं! सभागृहाचा पडदा गडद रंगाचा, फोटोत माणसं उठून दिसावीत म्हणून मी पुढे लिहिलं, ‘कपडे शक्यतो पांढरे असावेत.’ वर मॅडमचा एक जुना फोटो लावला, आणि तो भारदस्त दिसावा म्हणून त्याला काळी चौकट दिली.

आणि हो, ‘नियत वयोमानानुसार सेवानिवृत्ती’ हे शब्दही त्यात होते बरं का! चौदाव्या ओळीत. फोनवर पहिल्या काही ओळी दिसतात आणि खाली ‘पुढे वाचा’ असं येतं, हे मला ठाऊक होतं. पण एवढी सुंदर सुरुवात वाचून कुणी पुढे वाचणार नाही, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

माझी बायको इस्पितळात नर्स आहे. ड्यूटीवरून आली, चप्पल काढता काढता तिनं माझा फोन पाहिला आणि एका चपलेवर तशीच थबकली.

“अहो, कोण गेलं?”

“गेलं कुठे? मॅडम निवृत्त होतायत!”

“मग तसं लिहा ना! आमच्या वॉर्डात डॉक्टर बाहेर येऊन अशा सुरात बोलायला लागले ना, की नातेवाईक भिंत धरतात.”

“हे बघ, सलाईन तू लाव. भाषा माझ्यावर सोड.”

तिनं दुसरी चप्पल काढली आणि ती आत गेली. नवऱ्याला आणि रुग्णाला एका मर्यादेपलीकडे समजावायचं नसतं, हे ती नोकरीत शिकली आहे.

दुसऱ्या दिवशी बघतो तर काय, उत्तरांचा पाऊस! रडक्या चेहऱ्यांची चित्रं, जोडलेले हात, ‘विश्वासच बसत नाही’, ‘पोरके झालो’. मी बायकोला अभिमानानं दाखवलं. “बघ! माझं इंग्रजी वाचून लोक रडतायत!” एकानं लिहिलं होतं, ‘इतक्या लवकर? असं काय वय होतं त्यांचं!’ मी त्याला समजुतीनं उत्तर दिलं, ‘नियम सगळ्यांना सारखाच. आज ना उद्या तुमची-आमची पाळीही येणारच.’ त्या गृहस्थाचा पुढे काही निरोप आला नाही.

गुरुवारी दुपारी एक फोन आला. रेडिओवर बातम्या वाचणारी आमची एक माजी विद्यार्थिनी. रोज सकाळी तिचा खणखणीत आवाज ऐकून लोक घड्याळ लावतात. आज तो आवाज कापत होता.

“सर... अचानक झालं का हो?”

“अचानक कसलं? वर्षभर आधीपासून माहीत होतं.”

“वर्षभर! आणि मॅडमनी कुणाला सांगितलं नाही?”

“त्यांना गाजावाजा नकोच होता.”

“फार त्रास झाला का त्यांना?”

“शेवटी शेवटी झाला. ऑफिसनं कागदपत्रांसाठी फार छळलं. तीन वेळा सह्या घेतल्या.”

“अशा अवस्थेत सह्या?” ती हुंदका गिळत म्हणाली. “आणि आता... आता कुठे आहेत त्या?”

“आत्ता? खाली स्टाफरूममध्ये.”

“स्टाफरूममध्ये!”

“हो, शनिवारपर्यंत इथेच आहेत. उकाडा किती वाढलाय बघतेस ना? प्राचार्यांनी मुद्दाम एसी लावून दिलाय.”

पलीकडून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. मी म्हटलं, रेंज गेली असेल.

शनिवारी साडेतीनला मी सभागृहाचं दार उघडलं. दार उघडलं म्हणजे काय, ते माझ्यावर लोटलंच गेलं! पावणेचारला सगळ्या खुर्च्या भरल्या. चारला लोक भिंतींना टेकून उभे. दोनशेच्या वर माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत, आणि चूं की चां नाही! मी शिपाईमामांना म्हणालो, “शिस्त बघा! याला म्हणतात मॅडमचे विद्यार्थी!” शिपाईमामांनी डोळे पुसले. त्यांनाही मीच निमंत्रण पाठवलं होतं. मॅडमना ते शुक्रवारी सकाळी स्वतः पाण्याचा ग्लास देऊन आले होते, पण लेखी मजकुरावर त्यांचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास.

व्यासपीठावर मी मॅडमचा मोठा फोटो ठेवला होता. येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे पांढरी फुलं ठेवत होता. फोटो हळूहळू हनुवटीपर्यंत बुडाला. मला ते जरा जास्त वाटलं, पण प्रेम ते प्रेम! तेवढ्यात एक धिप्पाड गृहस्थ माझ्याजवळ आले. मालट्रक चालवतात. दोनशे किलोमीटरवरून थेट ट्रक घेऊनच आले होते. तो फाटकाबाहेर उभा होता आणि निम्मा रस्ता अडला होता.

“सर, मॅडमच्या घरच्यांना भेटता येईल का?” त्यांनी हळूच विचारलं.

“घरच्यांना कशाला? स्वतः मॅडमच येतायत की साडेचारला!”

त्यांनी माझ्याकडे इतक्या करुणेनं पाहिलं! माझ्या पाठीवर आपला पंजा ठेवून म्हणाले, “सर, सावरा स्वतःला.”

मी काही म्हणणार, एवढ्यात रेडिओवाली माईकपाशी गेली. डोळे सुजलेले, पण आवाज तोच. “सुरुवातीला आपण सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून मॅडमना श्रद्धांजली वाहूया.”

दोनशे माणसं खाडकन उभी राहिली. माना खाली.

आणि तेव्हा माझी ट्यूब पेटली! काळी चौकट. पांढरे कपडे. फुलं. ‘सावरा स्वतःला.’ ‘स्टाफरूममध्ये!’ ओरडावं, तर श्रद्धांजलीच्या शांततेत ओरडायचं कसं? आणि ओरडून सांगायचं काय? ‘माफ करा, मॅडम जिवंत आहेत’? मी कपाळावरचा घाम पुसला. शेजारच्या बाईंना वाटलं डोळे पुसतोय. त्यांनी मला रुमाल दिला.

नेमक्या त्याच वेळी मागचं दार करकरलं. मॅडम!

साडेचारपर्यंत थांबायला त्या काय प्राचार्यांच्या ताब्यातल्या होत्या? “सही आहे ना? मग चला आत्ताच,” म्हणून त्या प्राचार्यांच्या पुढे दहा पावलं चालत आल्या होत्या. सगळे उभे आहेत, माना खाली आहेत, हे पाहून त्या शेवटच्या रांगेत गेल्या आणि शिस्तीत मान खाली घालून उभ्या राहिल्या. मागून आलेले प्राचार्यही गोंधळून तसेच उभे राहिले.

मी भिंतीच्या कडेकडेनं मागे सरकत होतो. मॅडमनी शेजाऱ्याला कुजबुजत विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं.

“कोण गेलं?”

“मॅडम,” तो मान वर न करता म्हणाला.

“कुठल्या मॅडम?”

“आपल्या.”

मॅडमनी चष्मा सारखा करून व्यासपीठाकडे पाहिलं. फुलांतून वर आलेलं आपलंच नाक आणि आपलेच डोळे त्यांनी ओळखले. मग त्यांची नजर सावकाश फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. मी जागच्या जागी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी झालो.

“मॅडम, मी... हे म्हणजे... त्याचं असं झालं...”

“गप्प बस,” त्या कुजबुजल्या. लोक बसले तशा त्याही एका उंच माणसाच्या पाठीमागे बसल्या. “मला ऐकू दे.”

रेडिओवाली बोलायला लागली.

“मी कॉलेजात आले तेव्हा तोतरी होते. वर्गात नाव सांगायलाही मला अर्धं मिनिट लागायचं. मॅडमनी मला रोज पहिल्या तासाच्या आधी रिकाम्या वर्गात बोलावलं. स्वतः शेवटच्या बाकावर बसायच्या आणि म्हणायच्या, ‘एक पान वाच. मला इथे ऐकू आलं पाहिजे.’ दीड वर्ष! एकदाही ‘छान’ म्हणाल्या नाहीत. मी मनातल्या मनात त्यांना काय काय बोलायचे! मग मी रेडिओवर पहिल्यांदा बातम्या वाचल्या. चौथ्या दिवशी कार्ड आलं. त्यावर दोनच शब्द होते, ‘ऐकू आलं.’” तिचा आवाज फुटला. “त्यांना भेटायला जायचं, जायचं म्हणत नऊ वर्षं गेली. आज आले, आणि आज...”

माझ्या बाजूला मॅडमनी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता.

मग ट्रकवाले गृहस्थ उठले. माईक त्यांच्या छातीशी आला. “मी तीनदा नापास झालो,” ते म्हणाले. “वडील आजारी पडले, शिक्षण सुटलं, गाडीवर लागलो. मॅडम रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, ‘नापास तू परीक्षेत झालास. वर्गातून मी तुला काढलेलं नाही. बुधवारी सुट्टी असते ना? ये.’ सात वर्षं मी दर बुधवारी त्यांच्या वर्गात येऊन बसलो. पोरांना वाटायचं मी तपासणीला आलेला साहेब आहे! फी नाही, परीक्षा नाही. पण हजेरीपटावर सगळ्यात खाली माझं नाव असायचं. पेन्सिलीनं लिहिलेलं. मी एकदा चोरून पाहिलं होतं.”

“ह्यानं कधी पाहिलं?” मॅडम पुटपुटल्या.

मी तुम्हाला खरं सांगतो, त्या वेळी मला माझ्या चुकीचं काही वाटेनासं झालं. मला वाटत होतं, हे असंच चालू राहावं. मॅडम ऐकत होत्या. चौतीस वर्षं त्या बोलल्या आणि आम्ही ऐकलं. आज पहिल्यांदा उलटं चाललं होतं.

पण तिसरा वक्ता उठला आणि घात झाला. हा एका वर्तमानपत्रात उपसंपादक. इतरांच्या चुका काढणं हाच त्याचा पेशा! हातात कागद, सूर गंभीर, आणि मॅडमना आदरांजली म्हणून खास इंग्रजीत.

“अवर मॅडम,” त्यानं सुरुवात केली, “वॉज द मोस्ट स्ट्रिक्टेस्ट टीचर...”

मॅडमच्या मुठी आवळल्या गेल्या. मी मनात म्हटलं, मॅडम, सोडून द्या! आजच्या दिवस सोडून द्या! पण ते त्यांच्या रक्तातच नव्हतं.

“‘मोस्ट’ काढ!” शेवटच्या रांगेतून आवाज कडाडला.

“सॉरी मॅडम,” उपसंपादक सवयीनं म्हणाला. “द स्ट्रिक्टेस्ट टीचर इन...”

आणि त्याच्या हातातला कागद गळून पडला.

सगळं सभागृह एकदम मागे वळलं. कुणीतरी किंचाळलं. तिसऱ्या रांगेतला एक सद्गृहस्थ मटकन खाली बसला, पण जिथे बसला तिथे खुर्ची नव्हती. शिपाईमामा दारातल्या दारात हात जोडून उभे. रेडिओवाली मात्र खुर्च्या ओलांडत धावली आणि तिनं मॅडमना अशी मिठी मारली, की मॅडमचा चष्मा तिच्या केसांत अडकला.

“मॅडम, तुम्ही... तुम्ही आहात!”

“आहे म्हणजे? नसायला काय झालं? आधी माझा चष्मा सोडव.”

मॅडम व्यासपीठावर गेल्या. माईकवर बोटानं दोनदा टकटक केलं. “बसा.” दोनशे माणसं धप्पकन बसली. ज्यांना खुर्च्या नव्हत्या, ते जमिनीवर बसले. प्राचार्यसुद्धा!

“मी गेले, असं तुम्हाला कुणी सांगितलं?”

दोनशे बोटं एकाच दिशेला वळली. त्या दिशेला मी होतो.

“इकडे ये. तुझा मजकूर वाच. मोठ्यानं.”

मी वाचला. तो सुंदर मजकूर मोठ्यानं वाचताना इतका लांब होता, हे मला पहिल्यांदाच कळलं. वाचता वाचता कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं कुणी. ‘मॅडमच्या घरी कृपया कुणीही फोन करू नये’ इथपर्यंत येईस्तोवर सगळं सभागृह पोट धरून हसत होतं. रडलेल्या डोळ्यांनी माणसं हसतात तेव्हा ती थांबता थांबत नाहीत.

“मी निवृत्त होतेय, हे कितव्या ओळीत आहे?”

“चौदाव्या, मॅडम.”

“हं,” मॅडम म्हणाल्या आणि लोकांकडे वळल्या. “मला वाटायचं, मुलं मला घाबरतात आणि मग विसरतात. घाबरत होतात हे खरंच, आत्ता जमिनीवर बसलात. पण विसरला नाहीत. आपल्या पाठीमागे लोक काय बोलतात, हे कुणाला ऐकायला मिळत नाही. मला मिळालं. शेवटच्या रांगेत बसले होते.” त्यांनी रेडिओवालीकडे पाहिलं. “ऐकू आलं.”

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगताच येणार नाही. फोटोपुढची फुलं लोकांनी परत उचलली आणि रांग लावून मॅडमच्या हातात दिली. प्रत्येकाशी त्या बोलल्या, प्रत्येकाला नावानं हाक मारून. ट्रकवाल्यांनी विचारलं, “मॅडम, माझं नाव पेन्सिलीनं का लिहायचात?” तर म्हणाल्या, “शाईनं लिहिलं असतं, तर ऑफिसनं खोडलं असतं.” एवढा धिप्पाड माणूस, पण लहान पोरासारखा रडला. मग बाहेर ट्रकमागे अडकलेल्या गाड्यांनी हॉर्न वाजवून वाजवून त्यांना बोलावून नेलं.

मला लोक भेटले ते वेगळ्या कारणानं. कुणी म्हणालं, “सर, तुम्हाला शरम वाटायला हवी!” कुणी माझा कान धरला. त्यातल्या तिघांचे पेपर मी तपासले होते, त्यांनी जरा जोरातच धरला. आणि गर्दी ओसरल्यावर उपसंपादकानं कपाळावर हात मारला.

“सर! रविवारची पुरवणी!”

“तिचं काय?”

“शुक्रवारीच छापून झालीय. अर्धं पान लिहिलंय मी मॅडमवर. मथळा आहे, ‘पूर्णविराम’!”

मला तिथेच बसावंसं वाटलं. मॅडम मात्र म्हणाल्या, “मला त्याच्या दोन प्रती पाठव. आणि ‘मोस्ट’ कुठे आलंय का, ते बघ.”

संध्याकाळी स्टाफरूममध्ये मॅडम आपलं कपाट आवरत होत्या. मी दारात उभा राहिलो. निरोपाचं भाषण म्हणून मी चार पानं लिहून आणली होती. ती खिशातच राहिली होती.

“मॅडम, चूक झाली. माफ करा.”

“चूक झालीच. तू सरळ लिहिलं असतंस, तर अकरा लोक आले असते.” त्या पाठमोऱ्याच होत्या. “तेव्हा यापुढे सरळच लिही. पण हे एक बरं केलंस.”

मी खिशातल्या पानांना हात लावला. पण ती बाहेर काढली नाहीत.

“थँक यू, मॅडम. पावणेआठसाठी.”

त्या वळल्या. माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “यात काही दुरुस्ती नाही.”

इथे थांबलो असतो तर माझी थोडी तरी अब्रू राहिली असती. पण रविवारी पुरवणी आली आणि सोमवारी पेन्शन कार्यालयानं मॅडमची फाईल बंद केली. पेपरातलं अर्धं पान त्यांनी कापून फाईलला टाचलंही होतं! प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, विभागाच्या वतीनं मॅडम हयात असल्याचं पत्र द्या, आणि कृपा करून थोडक्यात द्या. मी घरी बसून लिहिलं. बायकोनं लाल पेन घेऊन त्यातल्या बावीस ओळी उडवल्या. एक उरली: ‘मॅडम जिवंत आहेत.’ खाली माझी सही.

ते पत्र घेऊन मी ऐटीत कार्यालयात गेलो. खिडकीतल्या कारकुनानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग फाईल उघडून त्यानं तिला टाचलेलं पेपरातलं पान पाहिलं.

“त्या गेल्या, असा मजकूर आधी कुणी काढला होता?”

“मीच,” मी म्हटलं.

“आणि त्या आहेत, हे पत्र कुणाचं?”

“तेही माझंच.”

त्यानं पत्र माझ्या हातात परत दिलं आणि अगदी सौजन्यानं म्हणाला, “सर, तुम्ही असं करा. मॅडमनाच घेऊन या.”